नवउद्योजक आणि उद्योजकता प्रशिक्षकांनी आपला व्यावसायिक परिचय कसा तयार करावा

उद्योजक मेळाव्यात माइक हाती येतो, बँकेत शाखाधिकारी "तुमच्याविषयी सांगा" म्हणतात, जिल्हा उद्योग केंद्रातून कर्जप्रकरणाच्या मुलाखतीचे बोलावणे येते, प्रदर्शनातल्या स्टॉलवर अनोळखी व्यापारी थांबतो, किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या उद्योजकता कक्षाकडून व्याख्यानासाठी विचारणा होते. या प्रत्येक ठिकाणी नव्या माणसाला मालाआधी स्वतःची ओळख करून द्यावी लागते. ज्यांचा कामावर हात बसलेला आहे अशी माणसेसुद्धा इथे अडखळतात, नाहीतर कुठून तरी उचललेली मोठमोठी विशेषणे म्हणून मोकळी होतात. दोन्ही प्रकारांत ऐकणाऱ्याला हवी असलेली माहिती मिळत नाही.

परिचय ऐकून कोणीतरी काहीतरी ठरवणार असते, हे आधी लक्षात घ्यावे. व्यापारी उधारीवर माल द्यायचा की रोखीने, बँक कर्ज मंजूर करायचे की नाही, विद्यार्थी दहा हजार रुपये फी भरायची की नाही, हे काही अंशी तुमच्या त्या चार वाक्यांवरून ठरवतात. म्हणून परिचयातले प्रत्येक वाक्य समोरच्याला पडताळून पाहता यावे, हीच एक कसोटी मी या संपूर्ण लेखात धरली आहे. शैली, आत्मविश्वास, सभाधीटपणा या गोष्टी सरावाने येतात. परिचयातली माहितीच कच्ची असेल तर त्यांचा उपयोग होत नाही.

लिहायला बसण्यापूर्वी कागद गोळा करा

बहुतेक जण कोरा कागद घेऊन पहिल्या वाक्यापाशी अडकतात. त्याऐवजी व्यवसायाची फाईल उघडावी आणि नोंदणीची सर्व प्रमाणपत्रे तारखेच्या क्रमाने समोर मांडावीत: दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद म्हणजे आपण ज्याला शॉप ॲक्ट म्हणतो ती, सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी, जीएसटी, खाद्यपदार्थांचा व्यवसाय असल्यास एफएसएसएआय म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना, कंपनी असल्यास निगमन प्रमाणपत्र (इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट), आणि करंट खाते उघडल्याची तारीख. या कागदांवरून तुमच्या व्यवसायाचा सनावळीसह सांगाडा आपोआप तयार होतो.

तारखांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण समोरचा माणूस त्या तुमच्या नकळत पाहू शकतो. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांकांचा असतो. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०, आणि पुढची दहा अक्षरे व्यवसायाच्या किंवा मालकाच्या पॅनची असतात. हा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की फर्मचे कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, ही सारी माहिती कोणालाही दिसते. कंपनीच्या एकवीस अक्षरांकी ओळख क्रमांकात तर स्थापनेचे वर्षच लिहिलेले असते. अशा वेळी तुम्ही "२०१५ पासून या क्षेत्रात" असे म्हणालात आणि नोंदणी २०२२ ची निघाली, तर ऐकणारा काही न बोलता मनात खूणगाठ बांधतो.

प्रत्यक्षात यात खोटे काहीच नसू शकते. वस्तूंच्या विक्रीत वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आणि सेवांच्या बाबतीत २० लाखांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. त्यामुळे अनेकांची सुरुवातीची वर्षे नोंदणीविना जातात. मग तसेच सांगावे: "२०१५ पासून घरगुती स्वरूपात, २०२२ पासून जीएसटी नोंदणीसह." एवढ्या एका वाक्याने दोन्ही तारखा जुळतात, आणि व्यवसाय वाढत गेला हेही न सांगता कळते.

प्रमाणपत्रांचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा, कारण सर्वाधिक चुकीची विधाने इथेच होतात. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी विनामूल्य असून ती उद्योजकाने स्वतः दिलेल्या माहितीवर होते. तिच्या आधारे "भारत सरकार प्रमाणित उद्योग" असे लिहिणे दिशाभूल करणारे आहे. "उद्यम नोंदणीकृत सूक्ष्म उद्योग" हे खरे वर्णन झाले. सूक्ष्म या शब्दाची लाज वाटण्याचे कारण नाही. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्मच गणला जातो, म्हणजे आपल्या आसपासचे बरेचसे भरभराटीला आलेले उद्योगही याच गटात बसतात. खाद्यपदार्थांच्या पाकिटावरचा एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक १ ने सुरू होत असेल तर तो परवाना आणि २ ने सुरू होत असेल तर ती लहान व्यावसायिकांसाठीची नोंदणी असते, हे जाणकार ग्राहक एका नजरेत ओळखतो. त्यामुळे नोंदणीला नोंदणी आणि परवान्याला परवानाच म्हणावे.

आपले पद नेमके ठरवा

विझिटिंग कार्डावर नावाखाली काय छापावे, या प्रश्नाचे उत्तर व्यवसायाच्या कायदेशीर स्वरूपात असते. एकट्याच्या मालकीची फर्म असेल तर तुम्ही प्रोप्रायटर आहात, भागीदारी असेल तर भागीदार. डायरेक्टर किंवा संचालक हे पद कंपनीत असते आणि प्रत्येक संचालकाला स्वतंत्र ओळख क्रमांक मिळालेला असतो. प्रोप्रायटरने कार्डावर "मॅनेजिंग डायरेक्टर" छापणे हे हौसेखातर होत असले, तरी बँकेच्या टेबलावर ते लगेच उघडे पडते. फर्मच्या नावापुढे नोंदणीशिवाय "प्रायव्हेट लिमिटेड" लावणे तर कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४५३ प्रमाणे दंडनीय आहे. संस्थापक हा शब्द मात्र कोणत्याही स्वरूपात वापरता येतो, कारण तो कायदेशीर पद सांगत नाही, सुरुवात कोणी केली तेवढेच सांगतो.

स्टार्टअप या शब्दाचेही तसेच आहे. बोलण्यात कोणताही नवा धंदा स्टार्टअप होतो, आणि गप्पांमध्ये त्याला हरकत नाही. परंतु १६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया योजनेखाली मान्यताप्राप्त असल्याचा दावा करायचा असेल, तर केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाने दिलेले मान्यता प्रमाणपत्र हाती असले पाहिजे. एकल मालकीच्या फर्मला अशी मान्यता मिळत नाही. ज्यांचा मसाल्याचा किंवा फॅब्रिकेशनचा चांगला चाललेला व्यवसाय आहे त्यांनी केवळ शब्द नवा वाटतो म्हणून स्टार्टअप म्हणवून घेऊ नये, असे माझे मत आहे. "आमचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे" या वाक्यातून ऐकणाऱ्याला कामाची कल्पना लगेच येते.

गाभ्याची चार-पाच वाक्ये

आता लिहायला घ्यावे. गाभ्यात पाच गोष्टी हव्यात: तुम्ही काय बनवता किंवा कोणती सेवा देता, कुठे, कधीपासून, कोणाला, आणि सध्या तुम्हाला कोणाची गाठ हवी आहे. शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि नेमकी तीच मेळाव्यात सर्वात उपयोगी पडते, कारण तुमचे बोलणे ऐकताना सभागृहातल्या कोणाला तरी आपला एखादा परिचित आठवायला हवा असतो.

कल्पित उदाहरण घेऊ. सांगली जिल्ह्यातील हळदीच्या व्यवसायातली एक तरुणी असे लिहून आणते: "मी एक महत्त्वाकांक्षी युवा उद्योजिका असून समाजाला शुद्ध, सात्त्विक आणि दर्जेदार उत्पादने देण्याचा ध्यास घेतला आहे. ग्राहकांचे समाधान हेच आमचे ब्रीद आहे." यातील एकही शब्द पडताळता येत नाही, आणि हाच मजकूर तुपाच्या, लोणच्याच्या किंवा साबणाच्या व्यवसायालाही चालला असता. तिच्याशी थोडे बोलून, प्रश्न विचारून हेच पुन्हा लिहिले तर असे होईल: "मी वाळवा तालुक्यात हळद पावडर तयार करते. २०२१ पासून शेतकऱ्यांकडून शिजवून वाळवलेली सेलम हळद थेट घेते, तिला पॉलिश करते आणि स्वतःच्या चक्कीवर दळून दोनशे ग्रॅम आणि एक किलोच्या पाकिटांत सांगली-कोल्हापूरच्या किराणा दुकानांना देते. महिन्याला साधारण ८०० किलो माल जातो. यापुढे मला हॉटेल व्यावसायिक आणि मसाला उत्पादकांना वीस किलोच्या पोत्यांत माल द्यायचा आहे."

या दुसऱ्या परिचयात एकही विशेषण नाही, तरी माणूस कळतो. सेलम हा वाणाचा उल्लेख आल्यामुळे तिला मालाची पारख आहे हे समजते. पॉलिश आणि चक्की स्वतःची असल्यामुळे भेसळीची शंका आपोआप कमी होते. ८०० किलो या आकड्यावरून मसाला उत्पादकाला आपली ऑर्डर तिला झेपेल का याचा अंदाज येतो. तिला "अस्सल सांगली हळद" असे छापायचे असल्यास मात्र थांबावे लागेल. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते चिन्ह वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ती नोंदणी असेल तर तेवढे वाक्य गाभ्यात अवश्य घालावे, कारण ते पडताळता येते आणि शेजारच्या स्टॉलवाल्याकडे कदाचित नसते.

पूर्वानुभव: काय ठेवावे आणि काय गाळावे

व्यवसायाआधी तुम्ही काय करत होता, याविषयी ऐकणाऱ्याला उत्सुकता असते. पण ती तुमच्या त्यागाविषयी नसून तिथून तुम्ही काय शिकून आलात याविषयी असते. "लाखोंच्या पगाराची नोकरी सोडून" हे वाक्य आता इतक्या तोंडून ऐकू येते की त्यातून काहीच पोहोचत नाही. "सहा वर्षे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत गुणवत्ता तपासणी विभागात होतो, त्यामुळे ड्रॉइंगप्रमाणे मोजमाप राखणे अंगवळणी पडले आहे" असे सांगितले, तर जॉब वर्क देणाऱ्या माणसाला त्यात रस वाटतो.

पूर्वानुभव आणि आजचे काम यांतला धागा कसा दिसतो, हे लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रात पाहावे. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. रंग ओळखण्यातील दोषामुळे ते शिक्षण सुटले, पण हाताशी असलेल्या रेखाटनाच्या कौशल्यावर त्यांनी यांत्रिक आरेखन आत्मसात केले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवले. १८८८ मध्ये बेळगावला सायकलींचे दुकान निघाले, पुढे शेतीची अवजारे आली, लोखंडी नांगर आला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. सुटलेले शिक्षण, शिक्षकाची नोकरी आणि दुकान हे तुकडे वेगवेगळे दिसतात. परंतु आरेखन आणि यंत्राची ओढ हा धागा सांगितला की ते एकमेकांना धरून राहतात. आपल्या बाबतीत असा धागा कोणता, हे शोधावे आणि त्यात न बसणाऱ्या नोकऱ्या व छोटे अभ्यासक्रम बिनदिक्कत गाळावेत. प्रत्येक प्रमाणपत्राची यादी देण्याची जागा परिचय ही नव्हे.

सुरुवात लहान होती हे सांगायला संकोच करू नये, फक्त नेमके सांगावे. श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापडची हकीकत इतकी वर्षे लोकांच्या लक्षात राहिली आहे, कारण ती आकड्यांत आहे: १५ मार्च १९५९, गिरगाव, सात जणी, उसने घेतलेले ८० रुपये. "अत्यंत प्रतिकूल परिस्थितीतून सुरुवात केली" असे कोणी सांगितले असते तर ते दुसऱ्या दिवशी विसरले गेले असते.

घरचा धंदा पुढे चालवणाऱ्यांनी स्वतःचा भाग वेगळा काढून दाखवावा. "आमची तिसरी पिढी" या शब्दांना बाजारात वजन आहे आणि ते असावेच. तथापि आजोबांनी उभी केलेली पत आणि तुम्ही गेल्या तीन वर्षांत केलेले काम, म्हणजे नवे यंत्र, नवा जिल्हा, संगणकावर आणलेले हिशोब, यांची सरमिसळ झाली की तुमचे श्रेय तुम्हाला मिळत नाही आणि वडीलधाऱ्यांनाही ते खटकते.

बंद पडलेल्या व्यवसायाविषयी नवखे लोक सर्वाधिक घाबरतात. तो परिचयात घ्यायचाच असे नाही, मात्र कोणी विचारले तर तीन गोष्टी सरळ सांगाव्यात: काय केले होते, का बंद करावे लागले आणि देणी फिटली का. आपल्याकडच्या व्यापारी माणसाला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वात महत्त्वाचे वाटते. "हॉटेल अठरा महिन्यांत बंद केले, पण सगळ्या पुरवठादारांचे पैसे चुकते केले" असे ज्याला म्हणता येते, त्याच्याशी पुन्हा व्यवहार करायला लोक तयार असतात. बँकेसमोर तर हे लपवून चालतच नाही, कारण जुन्या कर्जाच्या नोंदी पत अहवालात दिसतात.

आकडे सांगताना

उलाढाल सांगायची असल्यास कोणत्या आर्थिक वर्षाची हे सांगावे आणि विवरणपत्राशी ती जुळावी. उलाढाल आणि नफा यांत गल्लत करू नये. नफा सांगण्याची सक्ती कोणावरच नसते, तेव्हा तो सांगायचा नसेल तर विषय तिथेच सोडावा. हाती आलेली ऑर्डर, पाठवलेला माल आणि वसूल झालेले पैसे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अनुभवी माणूस तिसरीच मोजतो. बँकेकडून मिळालेल्या कर्जाला किंवा शासकीय अनुदानाला फंडिंग म्हणण्याची पद्धत अलीकडे पडली आहे, ती टाळावी. फंडिंग म्हटले की समोरचा गुंतवणूकदाराने भाग घेतला असे समजतो. "प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज घेतले" या वाक्यात कमीपणा काही नाही. बँकेने तुमचा प्रकल्प अहवाल तपासून पैसे दिले, ही उलट जमेची बाजू आहे.

रोजगाराच्या आकड्यातही असेच तारतम्य हवे. "२५ महिलांना रोजगार" म्हणताना त्या पगारावर आहेत, हंगामात येतात की घरी बसून नगावर काम करतात, हे एका शब्दात स्पष्ट होते. निर्यातदार हे विशेषण लावण्यापूर्वी आयात-निर्यात संकेतांक मिळणे आणि प्रत्यक्ष निर्यात होणे यांतला फरक ध्यानात घ्यावा. दुबईच्या नातेवाइकाने नेलेले चार डबे निर्यातीत मोडत नाहीत.

प्रशिक्षकांनी अधिक काळजी का घ्यावी

उद्योजक माल विकतो आणि माल वाईट निघाला तर ग्राहक तो परत करू शकतो. प्रशिक्षकाच्या शब्दावर विसंबून एखाद्याने नोकरी सोडली किंवा घर तारण ठेवले, तर ते परत करता येत नाही. म्हणून उद्योजकता शिकवणाऱ्याचा परिचय उद्योजकाच्या परिचयापेक्षा कडक निकषावर उतरला पाहिजे, याबाबत मी आग्रही आहे.

पहिला प्रश्न असा की तुम्हाला हा विषय कुठून कळला. त्याची प्रामाणिक उत्तरे तीन प्रकारची असतात: स्वतः व्यवसाय केला, व्यवसायांशी संबंधित नोकरी केली, जसे बँकेचा कर्ज विभाग, कारखान्याचा खरेदी विभाग किंवा सीएचे कार्यालय, किंवा विषयाचा अभ्यास व अध्यापन केले. तिन्ही मार्ग आदरणीय आहेत. डेव्हिड मॅक्लेलंड हे हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ होते, कारखानदार नव्हते; तरीही १९६४ मध्ये आंध्र प्रदेशातील काकीनाड्याच्या लहान व्यावसायिकांसाठी त्यांनी हैदराबादच्या संस्थेसह केलेला सिद्धिप्रेरणा प्रशिक्षणाचा, म्हणजे काही करून दाखवण्याची जिद्द वाढवण्याचा प्रयोग भारतातील उद्योजकता शिक्षणाच्या पायाशी आहे. पुढे १९८३ मध्ये अहमदाबादला भारतीय उद्योजकता विकास संस्था आणि १९८८ मध्ये आजच्या छत्रपती संभाजीनगरला महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र उभे राहिले, आणि अशा ठिकाणी वर्ग घेणाऱ्यांत अभ्यासक, बँकेतली माणसे आणि प्रत्यक्ष उद्योजक अशा तिघांनाही जागा असते. अडचण तेव्हा होते, जेव्हा तिसऱ्या प्रकारचा माणूस पहिल्या प्रकारचा असल्याचा आव आणतो.

नमुन्यादाखल एक परिचय पाहू: "मी अकरा वर्षे एका सहकारी बँकेत लघुउद्योगांची कर्जप्रकरणे तपासत होतो. २०१९ पासून नवउद्योजकांना प्रकल्प अहवाल, खेळते भांडवल आणि बँकेशी व्यवहार हे तीन विषय शिकवतो. मी स्वतः कारखाना चालवलेला नाही, म्हणून उत्पादन आणि विक्रीच्या सत्रांसाठी त्या व्यवसायातील मंडळींना बोलावतो." शेवटचे वाक्य लिहायला धैर्य लागते, पण त्यामुळेच पहिल्या दोन वाक्यांवर पूर्ण विश्वास बसतो.

संस्थांची नावे वापरताना संबंध अचूक सांगावा. एखाद्या नामांकित व्यवस्थापन संस्थेत एकदा पाहुणे म्हणून व्याख्यान दिले असेल तर "अतिथी व्याख्यान, २०२३" असे लिहावे. "तेथील प्राध्यापक" असे लिहू नये. तीन दिवसांचा किंवा काही आठवड्यांचा अभ्यासक्रम केला असेल तर त्याचे नाव आणि कालावधी द्यावा, "आयआयएममध्ये शिक्षण" असे मोघम लिहू नये. मानद पदवी स्वीकारली म्हणून नावाआधी डॉक्टर लावू नये. आणि ती पदवी देणारी संस्था विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त विद्यापीठांच्या यादीत आहे का, हे पदवी स्वीकारण्याआधीच पाहावे.

विद्यार्थ्यांच्या संख्येत तर फार फुगवटा असतो. एका तासाच्या सभेला बसलेली माणसे, मोबाइलवर मोफत सत्र पाहणारे आणि तीन महिन्यांचा वर्ग पूर्ण करणारे यांची बेरीज करून "हजारो उद्योजक घडवले" असे म्हणणे योग्य नाही. पूर्ण वर्ग केलेले किती आणि त्यांपैकी तुमच्या माहितीनुसार आज व्यवसाय करत असलेले किती, हे दोन आकडे द्यावेत. दुसरा आकडा लहान असेल, तरी तोच खरा उपयोगाचा आहे. तो देता यावा यासाठी वर्ग संपल्यानंतर सहा महिन्यांनी आणि वर्षाने प्रत्येकाला फोन करून नोंद ठेवण्याची सवय पहिल्या तुकडीपासून लावावी.

यशस्वी विद्यार्थ्यांची नावे आणि छायाचित्रे वापरण्याबाबत कायद्याचेही भान हवे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. विद्यार्थ्याचे नाव, छायाचित्र किंवा अभिप्राय त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरू नये, आणि ती संमती यश मिळाल्यानंतर घेतलेली असावी, असे त्यांत म्हटले आहे. प्रवेशाच्या अर्जातच बारीक अक्षरांत संमती घेऊन ठेवण्याची सोय त्यामुळे उरत नाही. तुमचा वर्ग लहान असला तरी हीच पद्धत पाळावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि फी घेणाऱ्या प्रशिक्षकाचा छापील परिचय बहुतेक वेळा जाहिरातीचाच भाग असतो. शेअर बाजार शिकवणाऱ्यांनी तर आपण सेबीकडे नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार किंवा संशोधन विश्लेषक आहोत की केवळ शिक्षक, हे पहिल्याच ओळीत स्पष्ट करावे आणि केवळ शिक्षक असल्यास सल्ल्याच्या वाटेला जाऊ नये.

पुरस्कार, छायाचित्रे, ग्राहकांची नावे

पुरस्कार लिहिताना देणारी संस्था आणि वर्ष द्यावे. नामांकन शुल्क किंवा टेबलाचे पैसे भरून मिळालेले सन्मानचिन्ह परिचयात घेऊ नये; व्यवसायातल्या माणसांना असे पुरस्कार ठाऊक असतात आणि त्यांच्यामुळे खरा पुरस्कारही संशयाने पाहिला जातो. मान्यवरांसोबतचे छायाचित्र ओळखीचा किंवा पाठिंब्याचा पुरावा ठरत नाही. मोठ्या कंपनीला माल देत असाल तर तिचे बोधचिन्ह लावण्यापूर्वी परवानगी घ्यावी, आणि मधल्या व्हेंडरमार्फत माल जात असेल तर तसे सांगावे. परवानगी नसेल तर "पुणे परिसरातील दोन वाहन उद्योगांना अप्रत्यक्ष पुरवठा" एवढे पुरते, आणि चौकशीला योग्य वाटल्यास नाव प्रत्यक्ष भेटीत सांगता येते.

प्रसंगानुसार लांबी

गाभा एकदा पक्का झाला की त्यातूनच वेगवेगळ्या लांबीचे परिचय काढावेत. मेळाव्यातील एका मिनिटात सावकाश बोलल्यास शंभर ते सव्वाशे शब्द मावतात, तेव्हा हळदीच्या उदाहरणासारखा परिचय आणि शेवटी पुन्हा एकदा नाव व गाव, एवढेच बोलावे. घड्याळ लावून, मोठ्याने म्हणून पाहावे. बँकेसाठीच्या पानभर परिचयात पूर्वानुभव, तांत्रिक शिक्षण, कुटुंबाचा आधार आणि स्वतःचे भांडवल यांना जास्त जागा द्यावी. तिथे बाजारपेठेचे वर्णन प्रकल्प अहवालात येणारच असते. प्रशिक्षकाने आयोजकांना सूत्रसंचालनासाठी द्यायचा परिचय स्वतःच पाच ओळींत लिहून द्यावा. नाहीतर सूत्रसंचालक मंचावर ऐनवेळी विशेषणे जोडतात आणि ती खोडून काढणे व्याख्यात्याला अवघड जाते.

मराठीत बोलताना व्यवसायातली रोजची मराठीच वापरावी. उलाढाल, उधारी, कोटेशन, जॉब वर्क, डिस्पॅच हे शब्द ज्या माणसांच्या रोजच्या तोंडी आहेत, त्यांच्यासमोर अवघड पारिभाषिक मराठी किंवा अर्धवट इंग्रजी दोन्ही परके वाटते. लेखी परिचयात मात्र वाक्ये पूर्ण असावीत.

दुसऱ्याकडून तपासून घ्या

तयार मजकूर दोघांना वाचायला द्यावा: एक तुमच्याच व्यवसायातला, म्हणजे चुकीचा दावा ओळखू शकणारा, आणि दुसरा व्यवसायाशी काहीच संबंध नसलेला. पहिल्याला प्रत्येक वाक्यापुढे "हे कशावरून?" असे विचारायला सांगावे, आणि ज्या वाक्याला कागद, तारीख किंवा माणूस दाखवता येणार नाही ते काढून टाकावे. दुसऱ्याने वाचून झाल्यावर कागद बाजूला ठेवून तुमचे काम आपल्या शब्दांत सांगावे. त्याला ते सांगता आले नाही, तर मजकूर पुन्हा लिहावा.

परिचयाच्या तळाशी महिना आणि वर्ष टाकावे, आणि आर्थिक वर्ष संपले की उलाढाल, कामगारांची संख्या, नोंदणीचे तपशील आणि प्रशिक्षकाच्या बाबतीत विद्यार्थ्यांचे दोन आकडे नव्याने भरावेत. जुन्या प्रती व्हॉट्सॲपच्या व्यवसाय प्रोफाइलवर, प्रदर्शनाच्या स्मरणिकेत आणि महाविद्यालयांच्या फायलींत पडून राहतात, म्हणून कोणाला कोणत्या महिन्याची प्रत दिली याची एक साधी यादी ठेवावी. बंद केलेले उत्पादन किंवा संपलेली भागीदारी अशा प्रतींत राहून गेली असेल, तर त्या त्या ठिकाणी नवी प्रत पाठवून जुनी बदलायला सांगावे.